पाण्याच्या वेळेने चाललेले पाच दिवस

पहिला दिवस : शुक्रवार, माघ वद्य द्वितीया

नाशिकला राहून पक्ष्यांची छायाचित्रे काढणाऱ्या माणसाची शाळा म्हणजे नांदूरमध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरच्या त्या बंधाऱ्याच्या काठावर माझे बारा हिवाळे गेले आहेत. पहाटे अंधारात निघायचे, चापडगावच्या बाजूला जागा धरायची, सूर्य वर आला की तो पाठीशी घ्यायचा आणि नऊ-साडेनऊला ऊन कडक झाले की कॅमेरा पिशवीत टाकायचा, हा माझा शिरस्ता. २०२० साली ते महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाले, त्याच वर्षी लोणार दुसरे झाले आणि २०२२ मध्ये ठाण्याची खाडी तिसरे. पहिले घरचे आणि दुसरे पाहून झालेले, त्यामुळे तिसरे राहिले असल्याची रुखरुख होती. या वर्षी पाच दिवसांची रजा मिळाली तेव्हा पंचवटी एक्स्प्रेसने ठाणे गाठले आणि नौपाड्यात आत्याच्या घरी पिशव्या ठेवल्या.

चहा घेता घेता आत्तेभावाला विचारले, ‘‘दादा, उद्या किती वाजता निघायचे? सूर्योदय सातच्या पुढे आहे, म्हणजे साडेसहाला काठावर असायला हवे.’’ दादा काही बोलण्याआधी आत्याच स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘‘सूर्याचे राहू दे, पाणी कधी आहे ते बघ आधी.’’ आत्याचे सासर मूळचे रेवदंड्याचे, त्यामुळे तिथी आणि भरती यांचे गणित तिला तोंडपाठ. तिने फ्रीजशेजारी टांगलेल्या दिनदर्शिकेवर, जिथे रोजच्या दुधाच्या खुणा असतात त्या चौकोनांवर, बोट ठेवून मला ते शिकवले. तिथीला पाऊणने गुणायचे, येईल ती भरतीची वेळ. आज द्वितीया, म्हणून दीड. उद्या तृतीया, म्हणून सव्वादोन. चतुर्थीला तीन, पंचमीला पावणेचार, षष्ठीला साडेचार. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. आणि भरतीपासून सहा तास मागे-पुढे ओहोटी. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो आणि पाणीही त्याच्यामागून तेवढेच उशिरा चढते, एवढेच त्यामागचे कारण. खाडीच्या आतल्या टोकाला पाणी पोहोचायला आणखी थोडा वेळ लागतो, तो वेगळा धरायचा.

हे गणित ऐकताना माझ्या ध्यानात आले, की मी पाच दिवसांचा जो कार्यक्रम आखून आणला होता, त्यात फक्त प्रकाशाचा विचार होता. तो कागद बाजूला ठेवला आणि आत्याच्या परवानगीने दिनदर्शिकेच्याच चौकोनांत पेन्सिलीने पाचही दिवसांच्या वेळा लिहिल्या. मग तिच्याकडून दोन किलो जाड तांदूळ मागून घेतला. जुन्या जीन्सच्या कापडाची शिवलेली पिशवी मी प्रवासात रिकामी आणतो आणि मुक्कामी पोहोचल्यावर भरतो. होडीच्या काठावर लेन्स टेकवण्यासाठी तिच्याइतके चांगले साधन नाही. संध्याकाळी तलावपाळीला चक्कर मारली, मासुंदा तलावाच्या काठावरच्या पाणकावळ्यांची चार छायाचित्रे घेतली आणि लवकर झोपलो.

दुसरा दिवस : शनिवार, तृतीया

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर आहे. त्यातला निम्म्याहून थोडा अधिक भाग खारफुटीचा आणि उरलेला पाण्याचा. ऐरोली पुलाजवळ वन विभागाच्या कांदळवन कक्षाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे आणि तिथून अभयारण्यात होडीने जाता येते. होडीची वेळ घड्याळावर ठरत नाही, पाण्यावर ठरते. भरती सव्वादोनची असल्याने आमची होडी पावणेअकराला होती. तरीही मी आठच्या आत जेट्टीवर गेलो, कारण त्या वेळी ओहोटी तळाशी असणार होती आणि मला चिखल पाहायचा होता.

पोहोचताच एक चूक पदरात पडली. दादाने मला वातानुकूलित गाडीतून सोडले, मी उतरून लगेच कॅमेरा बाहेर काढला आणि पाहता पाहता लेन्सची पुढची काच पांढरी झाली. नाशिकच्या कोरड्या हवेत असे कधी होत नाही. थंड काचेवर खाडीच्या दमट हवेतील बाष्प साचते. ते पुसून उपयोग नसतो, कारण काच थंड असेपर्यंत ते पुन्हा साचते आणि घाईने पुसताना हवेतील क्षार काचेवर घासले जातात. काच बाहेरच्या हवेइतकी तापेपर्यंत थांबावे लागते. सकाळच्या कोवळ्या उन्हाची वीस मिनिटे अशी गेली. त्यानंतर रोज मी उतरण्याच्या अर्धा तास आधी पिशवी गाडीच्या खिडकीशी धरून खिडकी उघडी ठेवली.

त्या वीस मिनिटांत कॅमेऱ्याविना जे पाहिले, ते मात्र नीट पाहिले. ओहोटीचा चिखल लांबून रिकामा दिसतो. खाली बसून टक लावली की तो जागोजागी हलू लागतो. माझ्यापासून पाचेक फुटांवर वीतभर लांबीची निवटी चिखलातून वर आली. हा मासा पाण्याबाहेर वावरतो. कातडी आणि कल्ले ओले असेपर्यंत त्याला हवेत श्वास घेता येतो. डोळे माथ्यावर, दोन टपोऱ्या मण्यांसारखे, आणि ते एकेक करून खोबणीत आत ओढून ओले करून घेण्याची त्याची रीत. छातीकडच्या परांवर कोपर टेकल्यासारखा भार देऊन तो सरकतो, त्यामुळे त्याच्यामागे चिखलात मधोमध एक सरळ रेघ आणि दोन्ही बाजूंना परांच्या ठशांची जोडी उमटत जाते. थोड्या वेळाने दुसरी निवटी जवळ आली, तेव्हा पहिलीने पाठीवरचा पर शिडासारखा उभारला. त्यावरचे निळसर ठिपके उन्हात क्षणभर चमकले आणि तिने हवेत वीतभर उडी मारली. काच स्वच्छ झाल्यावर मी पोटावर झोपून, लेन्स तांदळाच्या पिशवीवर जमिनीलगत ठेवून, त्याच उडीसाठी चाळीस मिनिटे थांबलो. निवटीची हालचाल आधी समजत नाही. पर उभारला की पाव सेकंदाच्या आत उडी होते. शटरचा वेग एक भागिले अडीच हजार सेकंद ठेवून एकूण अकरा उड्या टिपल्या. त्यांपैकी एकीत पूर्ण मासा चौकटीत आहे आणि डोळा नेमका आहे. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पक्ष्यांसाठी आलेल्या माणसाचा त्या दिवसाचा पहिला समाधानाचा फोटो एका माशाचा निघाला.

काठावरच्या तिवराचे, म्हणजे खारफुटीतल्या एका झाडाचे, पान उलटून पाहिले तर खालच्या बाजूला मिठाचे बारीक कण होते. झाडाने मुळांतून घेतलेले मीठ पानावाटे बाहेर टाकलेले. चिखलातून पेन्सिलीसारखी हजारो श्वसनमुळे वर आलेली होती. महाराष्ट्राने २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवन वृक्षाचा दर्जा दिला, पण या काठावर डोळ्यांत भरते ते तिवरच.

पावणेअकराला होडी निघाली. नाखवाकाका कोळीवाड्यातले, खाडीवर जन्म गेलेला माणूस. तोपर्यंत अडीच-तीन तास पाणी चढत होते आणि ओहोटीच्या वेळी पसरलेला चिखल आता काठालगतच्या पट्ट्यापुरता उरला होता. हीच त्या वेळेची खुबी काकांनी समजावली. पूर्ण ओहोटीत होडी पुढे जात नाही आणि पक्षी अर्धा कोस पसरलेले असतात. पूर्ण भरतीत चिखलच नसल्याने पक्षी उडून गेलेले असतात. पाणी चढतीवर असताना मात्र पक्षी उरलेल्या चिखलावर दाटीवाटीने गोळा होतात. ‘‘आपण त्यांच्याकडं जायाचं नाय,’’ काका म्हणाले, ‘‘पानीच त्यांना आपल्याकडं आनतं.’’ त्यांनी इंजिन बंद केले, होडी बांबूने रेटून एका जागी धरली आणि आम्ही थांबलो.

पुढच्या पाऊण तासात जे घडले, ते मी नांदूरमध्यमेश्वरला कधी पाहिले नव्हते. समोरची गुलाबी रेघ हळूहळू जाड होत गेली. पाणी मागून ढकलत होते आणि हजारो पक्षी, माना खाली घालून चरत चरत, पावलापावलाने आमच्या बाजूला सरकत होते. कोणीही त्यांना हुसकले नव्हते. जवळ आल्यावर दोन जाती वेगळ्या दिसू लागल्या. मोठा रोहित चार-पाच फूट उंच, फिकट, गुलाबी चोचीचे टोक काळे. लहान रोहित त्याहून बराच ठेंगणा, पण रंगाने गडद आणि चोच जवळजवळ काळपट लाल. इथे बहुसंख्य लहान रोहितच. ते चोच उलटी करून पाण्यात बुडवतात, जीभ दट्ट्यासारखी पुढेमागे करून पाणी आत-बाहेर खेचतात आणि चोचीच्या कडेच्या बारीक जाळीत सूक्ष्म नील-हरित शेवाळ गाळून घेतात. गुलाबी रंग त्या अन्नातूनच येतो. कळपात करड्या-तपकिरी रंगाचे जे पक्षी दिसत होते, ती अजून रंग न चढलेली पिल्ले. कच्छच्या रणाकडून हे थवे हिवाळ्यात येतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. खाडीत ते मोठ्या संख्येने दिसू लागले ते १९९० च्या दशकापासून. भोवतालच्या शहरांचे सांडपाणी खाडीत येते, त्यातल्या पोषकद्रव्यांवर शेवाळ वाढते आणि त्या शेवाळावर हे पक्षी जगतात, ही गोष्ट मला त्या होडीत बसूनही पचवायला अवघड गेली.

आता प्रकाशाबद्दल. अकरा वाजून गेले होते, ऊन डोक्यावर आले होते आणि घरी असतो तर मी केव्हाच आवरते घेतले असते. कडक उन्हात फिकट पक्षी पांढरे पडतात आणि पिसांचा तपशील हरवतो. म्हणून उजेड कॅमेऱ्याच्या मोजणीपेक्षा एक पायरी कमी धरला, पक्ष्याच्या पाठीवरची पिसे जळणार नाहीत एवढे पाहिले आणि सावल्या गडद राहू दिल्या. चिखलाचा एरवी डोळ्यांना नको वाटणारा करडा रंग इथे कामी आला. त्यावरून उलटणारा मंद उजेड पक्ष्यांच्या पोटाखाली पोहोचतो आणि सावली पुरती काळी होत नाही.

एक गोष्ट मात्र मी त्या दिवशी हट्टाने केली, ती अशी, की प्रत्येक चौकटीतून शहर वगळले. पैलतीराच्या इमारती, विजेचे मनोरे, पुलाचे खांब, यांपैकी काहीही येऊ नये म्हणून लांब पल्ल्याची लेन्स लावून फक्त पक्षी आणि चिखल घेतला. रात्री संगणकावर ती शे-दीडशे छायाचित्रे पाहिली. स्वच्छ होती, नेमकी होती. पण ती कच्छची आहेत असे कुणी म्हटले असते तर मला ते खोडता आले नसते.

शेकाट्या, तुतवार, तपकिरी डोक्याचे कुरव आणि एक मासेमार घार, हेही त्या फेरीत मिळाले. दुपारी परतलो तेव्हा आत्याने आधी पाणी किती वाजता भरले ते विचारले, मग जेवायला वाढले. आमच्या अंदाजापेक्षा ते सुमारे अर्धा तास उशिरा भरले होते.

तिसरा दिवस : रविवार, संकष्टी चतुर्थी

आज खाडीला सुट्टी. रविवारच्या गर्दीत होडीत जागा मिळणे कठीण आणि डोंगरातला वसंत चुकवण्यासारखा नव्हता, म्हणून येऊरला गेलो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे; त्याचा पूर्वेचा उतार ठाण्याच्या अंगावर उतरतो आणि उपवन तलावापासून वर चढणारा रस्ता अर्ध्या तासात माणसाला जंगलात नेतो.

माघ-फाल्गुनात पक्षी शोधत हिंडू नये, फुललेले झाड शोधावे आणि त्याच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर बसावे, हे मला कळवणच्या डोंगरांनी शिकवलेले. पाटोणपाड्याच्या पुढे वाटेलगत एक सावर पाने झडून लालभडक फुलली होती. तिच्यासमोर जांभळाच्या बुंध्याला टेकून साडेसात ते दहा बसलो. सावरीच्या वाटीएवढ्या फुलात मध भरपूर असतो, म्हणून येणाऱ्यांत काही शिस्त असते असे वाटू लागले: आधी भोरड्यांचा थवा कलकलाट करत आला आणि झाड ताब्यात घेऊन बसला, ते उडाल्यावर पर्णपक्षी आणि शिंजीर आले, कोतवाल मात्र मधासाठी आणि मधावर येणाऱ्या माश्यांसाठी अधूनमधून सारखाच हजर. शेजारच्या उंबरावर पाच हरियाल बसले होते. महाराष्ट्राचा हा राज्यपक्षी पानांत असा मिसळतो, की त्याचे पिवळे पाय हलले नसते तर मी त्यांना पाहिलेच नसते. फुलात चोच खुपसून वर काढलेल्या भोरडीच्या कपाळाला पिवळे पराग चिकटलेले दिसतात, असे एक छायाचित्र मिळाले. परागवहन पुस्तकातून शिकवणाऱ्या शिक्षकांना ते मी पाठवणार आहे.

तिथे आलेल्या दोघा तरुणांनी मोबाइलवरून पक्ष्याचा आवाज वाजवायला सुरुवात केली, तेव्हा मी उठून त्यांना थांबण्याची विनंती केली. विणीच्या तोंडावर असा आवाज ऐकला की नर पक्षी आपल्या हद्दीत दुसरा आला असे समजून खाणे सोडतो आणि त्या न दिसणाऱ्या प्रतिस्पर्ध्यामागे शक्ती घालवतो. मुलांनी ऐकले आणि नंतर शांतपणे शेजारी बसून तीच सावर पाहिली, याचे मला बरे वाटले.

उतरताना पायवाटेच्या बारीक धुळीत बिबट्याच्या पावलाचा ताजा ठसा होता: चार बोटे, मागे तीन उंचवट्यांची गादी, नखांची खूण नाही. कुत्र्याच्या ठशात नखे उमटतात, बिबट्याची नखे चालताना आत असतात. तिरप्या उन्हात ठशाच्या कडेची सावली असेपर्यंतच त्याचा फोटो येतो, म्हणून मापासाठी शेजारी लेन्सचे झाकण ठेवून तीन चौकटी घेतल्या. ठसा ज्या दिशेला गेला होता तिकडे मी गेलो नाही.

रात्री संकष्टीचा चंद्र साडेनऊच्या सुमारास उगवला, आत्याने उपास सोडला आणि आम्ही मोदक खाल्ले. गच्चीवरून चंद्राचा फोटो काढावा असे दादाने सुचवले, पण त्या रात्री मला चंद्रापेक्षा त्याने उद्या ओढून आणायच्या पाण्याची अधिक ओढ लागली होती.

चौथा दिवस : सोमवार, पंचमी

ठाण्याहून पनवेल गाडीने सीवूड्सला उतरलो. नेरुळला माझा शाळासोबती राहतो. मुक्काम त्याच्याकडे होता. पामबीच मार्गाच्या पलीकडे, उंच इमारतींच्या पायथ्याशी, खाडीलगत उथळ पाण्याची तळी आहेत. त्यांचे काम असे: खाडीचा चिखल भरतीत बुडाला की पक्ष्यांना पाय टेकायला जागा उरत नाही, तेव्हा ते थव्याथव्याने उडून या तळ्यांवर येतात आणि ओहोटी लागेपर्यंत विसावतात. म्हणजे परवा होडीतून ज्यांना पाण्याने पुढे ढकलताना पाहिले, तेच पक्षी त्यानंतर कुठे जातात याचे उत्तर इथे होते. या तळ्यांत भरतीचे पाणी येण्या-जाण्याच्या वाटा आहेत. त्यांतली एखादी वाट भरावाने किंवा गाळाने बुजली की तळे एक तर आटते किंवा साचून कुजते आणि पक्ष्यांची विसाव्याची जागा जाते. खाडी राखली आणि तळी गमावली तर भरतीचे ते तीन-चार तास पक्ष्यांनी कुठे काढायचे, हा प्रश्न उरतोच. रात्रीच्या भरतीतही त्यांची ही ये-जा चालू असते. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरच्या आकाशात विमानाची धडक बसून ३९ रोहित मेले, ती बातमी मी नाशिकला वाचली होती. त्या काठावर उभे राहिल्यावर त्यांच्या जाण्या-येण्याच्या वाटेचे महत्त्व डोळ्यांना दिसले.

पंचमीची भरती पावणेचारची. आज प्रथमच पाणी आणि प्रकाश एकाच वेळेला येणार होते, आणि पाच दिवसांपैकी हा दिवस मी त्यासाठीच राखला होता. तीन वाजता जाऊन बसलो. तळे रिकामे होते. चार वंचक आणि एक चित्रबलाक, बस्स. सव्वातीनच्या सुमारास खाडीकडून पहिला थवा आला. रोहित उडताना मान आणि पाय दोन्ही सरळ ताणतो, आणि बसलेला असताना न दिसणारा पंखांचा किरमिजी भाग काळ्या पिसांच्या कडेसह एकदम उघडतो. अग्निपंख हे त्याचे दुसरे नाव कुठून आले ते तेव्हा सांगावे लागत नाही. इमारतींच्या तिसाव्या मजल्याच्या उंचीवरून एक वळसा, मग दुसरा खालून, आणि मग पाय पुढे टाकून पाण्यावर आठ-दहा पावले धावत उतरणे. चारपर्यंत तळे भरले. एवढ्या पक्ष्यांचा एकत्र आवाज बदकांच्या कलकलाटासारखा, पण खालच्या सुरातला असतो आणि तो एका लयीत चालू राहतो.

मी नेहमीप्रमाणे लांब लेन्स लावून एकेका पक्ष्यावर गेलो. साडेपाचनंतर ऊन तिरपे झाले, पक्ष्यांच्या कडेला सोनेरी रेघ आली आणि चौकटी घरी मिळतात तशा, कदाचित त्याहून चांगल्या, मिळू लागल्या. मग मी लेन्स खाली ठेवून नुसतेच समोर पाहिले आणि शनिवारी रात्रीचा तो खटका पुन्हा आठवला. समोर पाण्यात गुलाबी थवा होता, त्यामागे खारफुटीची हिरवी पट्टी, तिच्यामागे वीस-तीस मजल्यांच्या इमारती, आणि त्या सगळ्या इमारती उलट्या होऊन पक्ष्यांच्या पायांत पाण्यात उतरल्या होत्या. एका सज्जात कुणी कपडे काढत होते. हे सारे मी तीन दिवस चौकटीबाहेर ढकलत होतो.

लांब लेन्स काढली, ७०-२०० मिमीची लावली, अॅपर्चर एफ ११ केले, जेणेकरून पक्ष्यांबरोबर इमारतींनाही आकार राहील, आणि जमिनीलगत झोपलो. शटरचा वेग तेव्हा एक भागिले अडीचशेपर्यंत उतरला, पण विसावलेल्या पक्ष्यांना तो पुरतो. एका पायावर उभे राहून मान पाठीत खुपसलेली, हालचाल नाहीच. क्षितिज वरच्या तिसऱ्या हिश्शात ठेवले, म्हणजे खऱ्या इमारती थोड्या आणि पाण्यातल्या पूर्ण येतात. अडचण वाऱ्याची होती. झुळूक आली की प्रतिबिंब मोडे. वारा पडेपर्यंत थांबायचे, दोन चौकटी घ्यायच्या, पुन्हा थांबायचे. सहा वाजून दहा मिनिटांनी वारा पूर्ण पडला. इमारतींच्या काचांवर मावळतीचा तांबूस उजेड होता, तोच पाण्यात होता आणि तोच पक्ष्यांच्या पिसांवर होता, आणि एका चौथ्या मजल्यावर नुकताच दिवा लागला होता. ती चौकट मला या प्रवासात मिळालेली सर्वांत खरी चौकट वाटते. ती कच्छची आहे असे कुणी म्हणणार नाही.

एवढ्यात उजवीकडून टाळ्यांचा आवाज आला. एक गृहस्थ मोबाइल धरून उभे होते आणि त्यांच्या सोबतचा मुलगा टाळ्या वाजवत पाण्यात ढेकळे टाकत होता, थवा उडावा म्हणून. शे-दोनशे पक्षी उडाले. रोहित पक्ष्याला जागच्या जागी उडता येत नाही. त्याला पाण्यावर धावून वेग घ्यावा लागतो, त्यात बरीच शक्ती जाते, आणि भरतीच्या वेळी तर खायलाही मिळत नसते. माझा संताप झाला, पण मुलगा लहान होता. मी त्याला जवळ बोलावले, कॅमेऱ्याच्या पडद्यावर एका पायावर झोपलेला पक्षी मोठा करून दाखवला आणि डोळा मिटलेला आहे का ते पाहायला सांगितले. त्याने पाहिले आणि वडिलांना हळू आवाजात म्हणाला, ‘‘बाबा, ते झोपलेत.’’ ते दोघे नंतर अंधार होईपर्यंत थांबले, गप्प उभे राहून.

पाचवा दिवस : मंगळवार, षष्ठी

रात्री मित्राच्या सज्जातून खारफुटीच्या बाजूने कोल्हेकुई ऐकली. वहिनी म्हणाल्या, की रोज ऐकू येते, पाहुण्यांना मात्र खरे वाटत नाही. नवी मुंबईच्या खारफुटीत सोनेरी कोल्हा आहे हे मला ऐकून माहीत होते. साडेपाचला उठून मित्राबरोबर खारफुटीच्या कडेने जाणाऱ्या वाटेवर गेलो. जागा इथे लिहीत नाही, कारण अशा जागा कळल्या की तिथे खायला टाकणारे येऊ लागतात.

सव्वासहाला, अजून रस्त्यावरचे दिवे चालू असताना, तो झुडपातून बाहेर आला. शेपटीचे टोक काळे, अंगावर ओल्या चिखलाच्या रेघा. पहाटे साडेचारची भरती उतरत होती आणि बहुधा तो उघड्या पडत चाललेल्या चिखलावरचे खेकडे खायला निघाला होता. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची क्षमता, ६,४०० करूनही शटरचा वेग एक भागिले पन्नासच्या वर जात नव्हता. तांदळाची पिशवी कुंपणाच्या कठड्यावर ठेवली, श्वास रोखला आणि चार चौकटी घेतल्या. तीन हलल्या आहेत. चौथीत तो थांबून आमच्याकडे पाहतो आहे, दाणेदार, पिवळ्या दिव्यात, आणि मागे दूर एक बस जाते आहे. तांत्रिक दृष्टीने ते छायाचित्र कच्चे आहे, तरी ते मी ठेवणार आहे.

दुपारच्या आत ठाण्याला परतलो. पिशवीतला तांदूळ आत्याला परत करायला गेलो तर तिने तो पक्ष्यांसाठी वेगळ्या डब्यात काढला. चिखलात टेकलेली पिशवी म्हणून असेल. जेवणानंतर तिला संगणकावर सगळे दाखवले. निवटीच्या उडीवर ती बराच वेळ थांबली, आणि तळ्यातल्या उलट्या इमारतींच्या छायाचित्राशी आल्यावर म्हणाली, ‘‘चाळीस वर्षे इथे राहते आहे, पण मी अजून हे पाहिलेले नाही. मला नेतोस का?’’ माझी गाडी संध्याकाळची होती आणि त्या दिवसाची भरती साडेचारची, म्हणून ते शक्य नव्हते. मग तिने दिनदर्शिका खाली काढली. तळ्याला पंचमी ते सप्तमी बरी, असे मी सांगितले. फाल्गुन शुद्ध पंचमीला तिचे रेवदंड्याला जाणे आधीच ठरलेले. वद्य पंचमी म्हणजे रंगपंचमी, तेव्हा रस्त्यावर निघायला नको. षष्ठी म्हणजे नाथषष्ठी, त्या दिवशी मंडळाचे भजन. राहिली सप्तमी. सात पाऊणे सव्वापाच. सूर्यास्त तेव्हा पावणेसातच्या सुमारास, म्हणजे प्रकाशही मिळेल. भजनी मंडळातल्या आणखी चौघी येतील म्हणाली. सप्तमीच्या चौकोनात, दुधाच्या खुणेशेजारी, तिने पेन्सिलीने लिहिले : ‘पाणी ५.१५. सीवूड्स. दुपारी तीनची गाडी.’